‘एफजी २६० ऑर बेटर’ : कोल्हापुरातील एका कास्टिंग ऑर्डरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापूरचा फाउंड्रीचा धंदा तेलावर चालणाऱ्या इंजिनांच्या काळात शिवाजी उद्यमनगरात वाढला आणि पुढे पुणे–बेंगळुरू महामार्गालगतच्या शिरोली व गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत, तसेच कागल–हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत पसरला. पंपाची केसिंग, व्हॉल्व्हच्या बॉडी, गिअरबॉक्सची हाउसिंग, ट्रॅक्टरचे भाग असा माल येथून देशभर आणि देशाबाहेर जातो. भट्टीवरचे सगळे बोलणे मराठीत चालते. ऑर्डर, ड्रॉइंग, चाचणीचे दाखले, तक्रारी आणि डेबिट नोट (ग्राहकाने बिलातून रक्कम कापल्याची नोंद) मात्र इंग्रजीत येतात. या दोन भाषांच्या मधल्या जागेत एक साधा तुलनावाचक शब्द कसा अडकला आणि त्याची किंमत कोणी किती मोजली, हे या प्रकरणात नोंदवले आहे. शब्द होता ‘बेटर’.

फाउंड्री गोकुळ शिरगावातील, मध्यम आकाराची, दुसऱ्या पिढीकडे आलेली आहे. ग्राहक पंप बनवणारी कंपनी आहे. दोघांच्या संमतीने हे लिहीत असल्यामुळे नावे, मालाची संख्या आणि रकमा वगळल्या आहेत. माझा संबंध फाउंड्रीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराशी आणि गुणवत्तेच्या कागदपत्रांशी आहे. तक्रार उद्भवल्यानंतर दोन्ही बाजूंचे कागद माझ्यापुढे आले आणि पुढच्या चर्चेत मी बसले.

ऑर्डर पंपाच्या केसिंगची, म्हणजे बाहेरच्या कवचाची होती. केसिंगचे अंग जाड आणि फ्लँजचा (जोडणीसाठीच्या कडेचा) काठ त्या मानाने पातळ होता. मालाच्या रकान्यात लिहिले होते : ‘एफजी २६० ऑर बेटर’. एफजी म्हणजे ग्रे कास्ट आयर्न, अर्थात राखाडी बीड. आयएस २१० या भारतीय मानकात एफजी १५० पासून एफजी ४०० पर्यंत त्याचे दर्जे दिलेले आहेत. पुढचा आकडा टेन्साइलचा, म्हणजे ओढ सहन करण्याच्या ताकदीचा असतो. वेगळ्या ओतलेल्या ३० मिलिमीटर व्यासाच्या टेस्ट बारने दर चौरस मिलिमीटरला किमान तेवढे न्यूटन सहन केले पाहिजेत. या प्रकरणात ‘किमान’ हा शब्द फार महत्त्वाचा ठरला, म्हणून तो येथेच अधोरेखित करून ठेवते.

शब्द कार्यालयातून भट्टीपर्यंत कसा गेला

ऑर्डर आली की नियोजन पाहणारा कर्मचारी तिच्यावरून मराठीत जॉब कार्ड तयार करतो, कारण मोल्डिंग आणि मेल्टिंगची माणसे तेच वाचतात. या ऑर्डरचे कार्ड मी पाहिले. निळ्या पेनने, वळणदार अक्षरात, मालाच्या रकान्यात लिहिले होते : ‘एफजी २६० / भारी चालेल’.

कार्ड लिहिणाऱ्याने शब्दकोश चुकवला असे कोणी म्हणू शकणार नाही. कोल्हापुरात ‘भारी’ हा पसंतीचा शब्द आहे. जेवण भारी असते, कुस्ती भारी होते, गाडी भारी असते. त्याचा मूळ अर्थ, म्हणजे वजनदार किंवा मोठा, हाही कानाआड गेलेला नाही, आणि दर्जांच्या रांगेत ‘भारी ग्रेड’ म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मोठा आकडाच येतो. इंग्रजी शब्दाला निदान दिशा नव्हती, मराठी शब्दाने ती पुरवली.

पहिला लॉट एफजी २६० मध्येच ओतला गेला आणि ग्राहकाकडे विनातक्रार वापरला गेला. दुसऱ्या लॉटच्या आठवड्यात भट्टीवर दुसऱ्या एका ग्राहकाचा एफजी ३०० चा माल लागला होता. दर हीटला, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक वितळवणीला, चार्जचे मिश्रण बदलायचे, स्पेक्ट्रोवर (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्रावर) पुन्हा नमुना घ्यायचा, मग कार्बन आणि सिलिकॉन जुळवायचे, यात वेळ जातो आणि वीज जळते. मेल्टिंगच्या मिस्त्रींनी कार्ड पुढे केले आणि मालकांना विचारले, “मालक, ह्यात भारी चालेल असं लिवलंय. मग दोन्हीला एकच हीट करू या की. भारी माल दिला तर कोण नको म्हणणार हाय?” मालकांनी होकार दिला.

हा होकार लबाडीचा नव्हता, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. एफजी ३०० साठी सहसा तांबे किंवा कथील घालतात, म्हणजे मालाच्या खर्चात काही वाचणार नव्हते. ठरल्यापेक्षा वरचा दर्जा ठरल्या भावात देतो आहोत, ग्राहक खूश होईल, असाच मालकांचा प्रामाणिक समज होता. लॉटसोबत गेलेल्या चाचणी दाखल्यावर एफजी ३०० असे स्वच्छ लिहिलेलेही होते.

अडचण

ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये दोन गोष्टी झाल्या. फ्लँज फेस करताना, म्हणजे तिचे तोंड सपाट कापताना, टूलच्या इन्सर्टची (कापणाऱ्या बदलत्या टोकाची) धार नेहमीपेक्षा फार लवकर जाऊ लागली, आणि काही केसिंगच्या काठावर टूल अक्षरशः घसरत होते, तेथे चकचकीत पांढरट ठिपके दिसत होते.

कारण धातुशास्त्रातले आहे आणि ते समजल्याशिवाय ‘बेटर’चा वाद समजणार नाही. राखाडी बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. हे पापुद्रे ताकद कमी करतात, पण कापताना चिप तोडतात, टूलला वंगण पुरवतात आणि धातूला कंप जिरवण्याचा गुण देतात. दर्जा वर न्यायचा तर कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे कार्बनमध्ये सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवून येणारा आकडा, खाली आणावा लागतो. असे केले की ताकद आणि कडकपणा वाढतो, सोबत पातळ भागात चिल धरण्याची प्रवृत्तीही वाढते. चिल म्हणजे कार्बनला ग्राफाइट होण्याइतका वेळ न मिळाल्याने त्याचे कार्बाइड बनणे. इनॉक्युलंट (ग्राफाइट बनायला मदत करणारे द्रव्य) घालून हे टाळता येते, परंतु त्याचा परिणाम वेळेबरोबर ओसरतो आणि लॅडलच्या (वितळलेला धातू ओतायच्या भांड्याच्या) शेवटी ओतलेल्या मोल्डला तो कमी मिळतो. या लॉटमधील पातळ काठाच्या केसिंगवर नेमके हेच झाले. अंग ठीक होते, काठ कडक झाला होता.

ताकदीच्या मापाने माल खरोखर सरस होता. मशीनवर कापण्याच्या मापाने तोच माल निकृष्ट होता.

ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्यांचा पहिला ईमेल लहान होता. त्यात तक्रार थोडक्यात सांगून शेवटी वाक्य होते : ‘यू हॅड बेटर होल्ड द नेक्स्ट लॉट.’ तिसऱ्या लॉटचा ट्रक त्या वेळी भरून उभा होता. डिस्पॅचच्या कर्मचाऱ्याने मालकांना वाक्याचा अर्थ सांगितला, “पुढचा लॉट थांबवलेला बरा, असं म्हणालेत.” मराठीत ‘थांबवलेला बरा’ हा सौम्य सल्ला असतो, ऐकणाऱ्याला मोकळीक ठेवणारा. ग्राहकाची लाइन मालाअभावी थांबू नये या काळजीने मालकांनी ट्रक सोडला. दुसऱ्या दिवशी तो ट्रक ग्राहकाच्या फाटकावर उभा राहिला, आणि तोपर्यंत तांत्रिक असलेली तक्रार मानापमानाची झाली. “लेखी सांगूनही यांनी माल पाठवला,” हे वाक्य पुढच्या प्रत्येक बैठकीत आले.

शब्दाकडे नीट पाहिले तेव्हा

एकाच पत्रव्यवहारात ‘बेटर’ दोन वेगळ्या रूपांत आला होता आणि दोन्ही ठिकाणी घात झाला होता. म्हणून चर्चेपूर्वी मी दोन्ही बाजूंसाठी एक टिपण केले. त्याचा गाभा येथे देते.

‘बेटर’ हे ‘गुड’ या विशेषणाचे आणि ‘वेल’ या क्रियाविशेषणाचे तुलनावाचक रूप आहे. ते मूळ शब्दाला प्रत्यय लागून झालेले नाही, वेगळ्या धातूतून आले आहे. आपल्याकडे ‘जाणे’चा भूतकाळ ‘गेला’ असा निराळ्या मुळातून येतो, तसाच हा प्रकार आहे. त्याच्यात तुलना आधीच भरलेली असल्यामुळे त्याच्याआधी ‘मोअर’ लावता येत नाही. ‘मोअर बेटर’ हे चूक आहे. जोर द्यायचा असेल तर ‘मच बेटर’ किंवा ‘फार बेटर’ चालते. तुलनेचा दुसरा पक्ष ‘दॅन’ने जोडतात. ‘सुपीरिअर’ला ‘टू’ लागते, ‘बेटर’ला लागत नाही.

एवढे व्याकरण शाळेत येऊन जाते. करारात अडचण त्याच्या पुढे सुरू होते.

पहिली बाब अशी की ‘बेटर’ नाते सांगतो, गुण सांगत नाही. दोन वाईट वस्तूंपैकी एक दुसरीहून ‘बेटर’ असू शकते. नाते सांगायचे तर कशाहून आणि कोणत्या बाबतीत, ही दोन्ही उत्तरे लागतात. मराठीत तुलनेसाठी विशेषणाचे रूप बदलत नाही, ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ यांवरच तुलना उभी राहते, त्यामुळे पहिले उत्तर आपण सहसा गाळत नाही. दुसऱ्यासाठीही आपल्याकडे सोय आहे : माणूस वयाने मोठा असतो, मानाने मोठा असतो, पदार्थ चवीला सरस आणि टिकायला कमी असतो. इंग्रजी ‘बेटर’ एकटाच उभा राहू शकतो आणि वाचणारा आपापले माप त्याच्यात भरतो. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा पाहिलेल्यांना हे सांगायला नको. पिवळसर, उजळ ढेपेला चढा भाव मिळतो, आणि त्याच यार्डातून घरासाठी गूळ नेणारा एखादा रंग उजळवणारी पावडर न मारलेली काळपट ढेप मुद्दाम शोधतो. दोघेही सरस गूळच घेत असतात.

दुसरी बाब ‘ऑर बेटर’ आणि ‘बेटर दॅन’ यांतील फरकाची. ‘२६० ऑर बेटर’मध्ये २६० बसतो. ‘बेटर दॅन २६०’ काटेकोरपणे वाचले तर २६० बसत नाही. टेस्ट बार बरोबर २६० वर तुटला तर पहिल्या शब्दरचनेत माल पास होतो, दुसऱ्यात नापास. या प्रकरणात हा फरक आडवा आला नाही, पण फाउंड्रीच्या जुन्या ऑर्डरी चाळताना दोन्ही रचना एकमेकींच्या जागी वापरलेल्या आढळल्या.

तिसरी बाब आकड्याच्या दिशेची. याच केसिंगच्या ड्रॉइंगवर ‘ऑर बेटर’ तीन ठिकाणी होते. मालाच्या दर्जात आकडा मोठा झाला की ताकद वाढते. कास्टिंगच्या मापांची सवलत ‘सीटी १० ऑर बेटर’ अशी होती. आयएसओ ८०६२ च्या या पद्धतीत आकडा लहान झाला की सवलत कमी, म्हणजे काम अधिक काटेकोर. गॅस्केट बसण्याच्या पृष्ठभागासाठी ‘आरए ६.३ ऑर बेटर’ होते. आरए म्हणजे खडबडीतपणाचे मायक्रोमीटरमधील माप. तेथेही लहान आकडा म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग. एकाच कागदावर एकच शब्द एकदा वर आणि दोनदा खाली बोट दाखवत होता. तिसऱ्या ठिकाणी तर खाली जाणेही एका हद्दीनंतर चूक होते, कारण फार गुळगुळीत फ्लँजवर गॅस्केटला पकड मिळत नाही. पाइप फ्लँजसाठीच्या एएसएमई बी१६.५ या मानकात म्हणूनच फ्लँजच्या तोंडाचा खडबडीतपणा ३.२ ते ६.३ मायक्रोमीटर असा दोन्ही बाजूंनी बांधलेला आहे. तेथे ‘बेटर’ला जागाच ठेवलेली नाही.

चौथी बाब माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. एफजी २६० हा दर्जा मुळातच किमान मर्यादा आहे. बार २८५ वर तुटला तरी तो माल एफजी २६० मध्येच बसतो. मग ‘ऑर बेटर’ने काय वाढवले? ताकदीपुरते पाहिले तर काहीच नाही. करारातला प्रत्येक शब्द काहीतरी सांगण्यासाठीच असतो असे धरून वाचणाऱ्याने या रिकाम्या शब्दाला काम शोधून दिले : दर्जा बदलण्याची परवानगी. ग्राहकाच्या कार्यालयात विचारले तेव्हा कळले की हे शब्द त्यांच्या जुन्या नमुन्यातून वर्षानुवर्षे उतरत आले होते आणि सध्याच्या कोणीही ते विचार करून घातलेले नव्हते.

‘हॅड बेटर’ची गोष्ट स्वतंत्र आहे. त्यातील ‘हॅड’ भूतकाळ दाखवत नाही आणि ‘बेटर’ पसंती दाखवत नाही. ‘यू हॅड बेटर’पुढे क्रियापद साध्या रूपात येते आणि पूर्ण वाक्याचा सूर इशाऱ्याचा असतो : असे करा, नाहीतर परिणाम होतील. सौम्य सल्ला द्यायचा असेल तर इंग्रजीत ‘इट वुड बी बेटर टू’ म्हणतात. डिस्पॅचच्या कर्मचाऱ्याने शब्दाला शब्द लावून अर्थ काढला, आणि शब्दाला शब्द लावला की या रचनेचा अर्थ नेमका उलट्या बाजूला, मवाळपणाकडे झुकतो. ‘पुढचा लॉट थांबवा, नाहीतर अडचण होईल’ एवढे मराठी त्याने सांगितले असते तर ट्रक हलला नसता.

विचारात घेतलेले पर्याय

फाउंड्रीच्या कार्यालयात ग्राहकाच्या तक्रारीला आणि डेबिट नोटला द्यायच्या उत्तराचा मसुदा आधीच तयार होता. ‘आम्ही तुम्हाला मोअर बेटर ग्रेड दिली आहे, ऑर्डरप्रमाणेच दिली आहे, सबब डेबिट नोट अमान्य’, असा त्याचा आशय होता. प्रयोगशाळा पाहणाऱ्या मॅडमनी तो पाठवण्याआधी माझ्याकडे आणला.

हा पहिला पर्याय : शब्दावर ठाम राहणे. कागदावर तो दुबळा नव्हता. ‘ऑर बेटर’ ग्राहकाने स्वतः लिहिले होते, दाखल्यावर एफजी ३०० उघड लिहिलेले होते आणि ऑर्डरमध्ये कडकपणाची वरची मर्यादा दिलेलीच नव्हती. मालकांना हाच पर्याय न्याय्य वाटत होता आणि त्यांच्या संतापामागचे कारण मला समजत होते, कारण चांगल्या मनाने दिलेल्या गोष्टीला खोट काढली गेली होती. परंतु काठावरचा चिल हा कोणत्याही अर्थाने ‘बेटर’ ठरत नाही. तो दर्जाच्या वादाबाहेरचा, ओतकामातला दोष होता. शब्दाची बाजू घेऊन दोषाची बाजूही घ्यायची, हे पुढे टिकले नसते.

दुसरा पर्याय संपूर्ण लॉट परत घेऊन डेबिट नोट मान्य करण्याचा. त्याने संबंध वाचले असते. पण ज्या केसिंगमध्ये दोष नव्हता तीही वितळवावी लागली असती, आणि ऑर्डरमधील संदिग्ध शब्दाची सगळी जबाबदारी वाचणाऱ्यावर पडून लिहिणारा मोकळा सुटला असता. हे मला मान्य नव्हते आणि मी तसे सांगितले.

तिसरा पर्याय माल दुरुस्त करण्याचा. मिस्त्रींनी स्ट्रेस रिलीव्हिंग (तापवून ताण घालवणे) सुचवले. मॅडमनी ते लगेच बाजूला सारले, कारण ५०० ते ६०० अंशांच्या त्या प्रक्रियेत आतले ताण सैल होतात, कार्बाइड फुटत नाही. कार्बाइड फोडायचे तर ९०० अंशांच्या वर नेऊन अ‍ॅनिलिंग (तापवून सावकाश थंड करणे) करावे लागते. त्यात काठ मऊ होतो, पण सगळ्या अंगाची ताकदही उतरते. म्हणजे एफजी ३०० म्हणून ओतलेला माल अ‍ॅनिलिंगनंतर २६० च्याही खाली जाण्याची शक्यता होती. मशीनवर कापायला ‘बेटर’ करण्याच्या नादात ऑर्डरमधली ताकदीची एकमेव लेखी मर्यादा मोडली गेली असती.

चौथा पर्याय निवड करण्याचा : प्रत्येक केसिंगच्या काठावर आणि अंगावर कडकपणा तपासायचा, चिल असलेली वेगळी काढायची, उरलेली ग्राहकाने वापरायची आणि टूलचा जादा खर्च वाटून घ्यायचा.

केलेली कृती

पहिले काम पत्राचे झाले. मूळ मसुदा रद्द करून दोन भागांचे उत्तर लिहिले. एका भागात चिल असलेल्या केसिंगची जबाबदारी विनाअट स्वीकारली. दुसऱ्या भागात ‘ऑर बेटर’चा अर्थ ग्राहकाच्या दृष्टीने कोणत्या मापाने घ्यायचा, ते लेखी सांगावे अशी विनंती केली. ‘आमचा माल बेटर आहे’ हे वाक्य पूर्ण काढून त्याच्या जागी ‘या मालाची टेन्साइल एफजी २६० च्या किमान मर्यादेपेक्षा जास्त आहे’ असे लिहिले. या दोन वाक्यांतला फरक मालकांना पटायला थोडा वेळ लागला. पहिले वाक्य मत आहे, त्यावर समोरचा ‘नाही’ म्हणू शकतो. दुसरे मोजमाप आहे. तिसरा लॉट फाटकावरून परत बोलावला आणि ‘हॅड बेटर’चा अर्थ लावण्यात झालेल्या गैरसमजाबद्दल मालकांनी स्वतः फोन करून दिलगिरी व्यक्त केली.

तपासणी ग्राहकाच्याच आवारात, दोन्ही बाजूंच्या माणसांपुढे झाली. फाउंड्रीचा पोर्टेबल हार्डनेस टेस्टर नेला होता, पण ग्राहकाला त्याच्या आकड्यांवर विश्वास नव्हता. म्हणून काही केसिंगवर ब्रिनेलचा (कडक गोळी दाबून कडकपणा मोजण्याच्या पद्धतीचा) ठसा घेऊन दोन्ही आकडे ताडून पाहिले आणि मग बाकीची मोजणी पोर्टेबलवर केली. अंगावर २१० ते २२० च्या आसपास कडकपणा येत होता, बाधित काठावर तो २५० च्या वर जात होता. खडूने वर्तुळे काढत मॅडम पुढे जात होत्या आणि ग्राहकाचे मशीन ऑपरेटर कोणत्या केसिंगवर टूल घसरले होते ते आठवणीने सांगत होते. त्यांचे सांगणे आणि आकडे बहुतेक ठिकाणी जुळत गेले, आणि खरे सांगायचे तर वादाची धार त्या दुपारी शॉपफ्लोअरवर बोथट झाली, मीटिंगच्या खोलीत नाही.

अ‍ॅनिलिंगची चाचणी एका बाधित केसिंगवर, सोबत त्याच हीटचा टेस्ट बार ठेवून घेतली. काठ मऊ झाला, पण बार २६० च्या खाली तुटला. त्यामुळे तो मार्ग बंद झाला आणि बाधित केसिंग वितळवायची ठरली.

निष्पत्ती

चिल असलेल्या केसिंगच्या बदल्यात फाउंड्रीने एफजी २६० मध्ये नवीन केसिंग दिली. निर्दोष असलेली एफजी ३०० ची केसिंग ग्राहकाने वापरली आणि इन्सर्टचा जादा खर्च दोघांनी वाटून घेतला. डेबिट नोटची रक्कम त्यानुसार घटली. ऑर्डर चालू राहिली.

ऑर्डरचे शब्द बदलले. मालाच्या रकान्यात आता ‘एफजी २६०’ एवढेच आहे, सोबत ड्रॉइंगवर खूण केलेल्या जागी ब्रिनेल कडकपणाची खालची आणि वरची अशी दोन्ही मर्यादा आहे, आणि दर्जा बदलायचा असल्यास आधी लेखी मंजुरी घ्यावी असे वाक्य आहे. मापांच्या सवलतीसाठी ‘सीटी १० किंवा त्याहून लहान आकडा’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द घातले. गॅस्केटच्या पृष्ठभागाला ३.२ ते ६.३ अशी दोन टोकांची मर्यादा दिली. ड्रॉइंगवरून ‘बेटर’ पूर्णपणे गेला.

‘बेटर’ शब्द करारात कधीच वापरू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. माप एकच असेल, दिशा ठरलेली असेल आणि त्या दिशेने पुढे जाण्यात कोणाचेही नुकसान नसेल, तर तो नेमका आणि सोयीचा आहे. पंपाच्या इम्पेलरच्या (आतल्या फिरत्या चाकाच्या) बॅलन्सिंगसाठी, जेथे आकडा लहान तितका तोल अचूक, ‘जी ६.३ ऑर बेटर’ म्हटले तर जी २.५ दिलेले कोणालाही नडत नाही, फक्त देणाऱ्याला खर्च पडतो. राखाडी बिडाची गोष्ट तशी नाही, कारण त्यात एक गुण वाढवला की दुसरा उतरतो. ब्रेक डिस्कसाठी तर उष्णता लवकर वाहून जावी म्हणून जादा कार्बनचे, कमी ताकदीचे बीड मुद्दाम निवडतात. तेथे ‘ऑर बेटर’ वाचून कोणी ताकद वाढवून दिली तर ब्रेकच्या कामाला ते बाधेल.

कोठे वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त संधी ऑर्डर स्वीकारतानाची होती. ‘एफजी ३०० दिले तर चालेल का’ असा एका ओळीचा ईमेल गेला असता तर ग्राहकाच्या उत्पादन विभागाने तेव्हाच नको म्हटले असते, कारण त्यांच्या इन्सर्टची निवड आणि कापण्याचा वेग एफजी २६० धरून ठरवलेला होता. हा प्रश्न विचारला गेला नाही, कारण विचारण्याची गरज कोणालाच वाटली नाही. परवानगी लिहून दिलेली आहे, असेच सगळे समजत होते.

दुसरी संधी भट्टीवरची. दर्जा बदलल्यावर पातळ काठाचा भाग तपासायला पहिल्या हीटमधील एक केसिंग काठावर कापून पाहिली असती तर चिल घरातच सापडला असता. मॅडमच्या तपासणीच्या यादीत काठ नव्हता, फक्त अंग होते. आता काठही आहे, आणि लॅडलच्या शेवटी ओतलेल्या मोल्डवर खूण करायची पद्धतही सुरू झाली आहे.

तिसरी जॉब कार्डाची. ‘भारी चालेल’ हे शब्द कार्डावर पुन्हा येऊ नयेत म्हणून कार्डात मालाच्या दर्जाचा रकाना आणि ‘बदल चालेल का’ हा रकाना वेगवेगळा केला. दुसऱ्या रकान्यात ग्राहकाच्या मंजुरीच्या ईमेलची तारीख लिहावी लागते, तारीख नसेल तर तो रकाना रिकामा राहतो आणि मिस्त्री दर्जा बदलत नाहीत. नियोजनाच्या कर्मचाऱ्याने सुरुवातीला याला वाढीव कारकुनी म्हटले. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, रोजच्या ऑर्डरींमध्ये तो रकाना बहुतेक वेळा रिकामाच जातो.

ग्राहकाच्या बाजूनेही एक गोष्ट वेगळी होऊ शकली असती. ज्याची पहिली भाषा इंग्रजी नाही अशा पुरवठादाराला ‘यू हॅड बेटर होल्ड’ लिहिण्याऐवजी ‘प्लीज डू नॉट डिस्पॅच’ लिहिले असते, तर तिसरा ट्रक निघालाच नसता. हे मी बैठकीत सांगितले तेव्हा खरेदी अधिकाऱ्यांनी थोडे आश्चर्य व्यक्त केले, कारण त्यांना ती रचना सभ्य वाटत होती. वरिष्ठाने कनिष्ठाला किंवा आईबापांनी मुलाला म्हणावी अशी ती रचना आहे, बरोबरीच्या व्यवहारात ती दटावणीसारखी लागते. म्हणजे समजली नाही तर ट्रक निघतो आणि समजली तर समोरचा दुखावतो.

जुन्या ऑर्डरींचे काम अजून चालू आहे. फाउंड्रीच्या इतर ग्राहकांच्या चालू ड्रॉइंगमध्ये ‘ऑर बेटर’ जेथे जेथे आहे तेथे मॅडम पेन्सिलीने बाण काढत आहेत : आकडा वाढला तर चालेल, घटला तर चालेल, किंवा दोन्ही बाजूंनी मर्यादा हवी. ज्या ठिकाणी बाण कोणत्या दिशेने काढायचा हे त्यांना ठरवता येत नाही, ती ड्रॉइंग बाजूला काढून त्या त्या ग्राहकाला पत्र जाते. आलेल्या पहिल्या उत्तरांपैकी एकात ग्राहकाने कळवले की ‘ऑर बेटर’ छपाईच्या नमुन्यात होते, ते वगळून वाचावे.